रिपोर्टमध्ये ‘आनंद : कमी’ आलं, म्हणजे नक्की काय आलं?

गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री साडेअकराला धाकट्या बहिणीचा व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट आला. तिच्या ऑफिसने वेलनेस योजनेत सगळ्यांना डीएनए टेस्टचं किट दिलं होतं. नळीत थुंकी भरायची, कुरिअरने पाठवायची, महिन्याभराने ॲपवर रिपोर्ट. त्यात केस गळणं, कॉफी पचणं, दूध पचणं असे बरेच रकाने होते. तिने पाठवलेला रकाना होता ‘आनंदी वृत्ती’. त्यापुढे लाल पट्टा, त्यावर ‘कमी’ आणि खाली बारीक अक्षरात ‘१४ वा पर्सेंटाइल’.

स्क्रीनशॉटखाली तिचा मेसेज होता : “दादा, बघ. बाबांचंच आलंय माझ्यात. मग काउन्सेलिंगचे पैसे उगाच का घालवायचे?”

आमचे बाबा बरीच वर्षं नैराश्यावर गोळ्या घेतात. घरात त्याबद्दल मोठ्याने कुणी बोलत नाही. आत्या फक्त एवढंच म्हणते, “आपल्या घरातच आहे ते.” बहीण चार महिन्यांपासून काउन्सेलरकडे जात होती आणि तिला थोडा फरकही वाटत होता. आता एका लाल पट्ट्यामुळे ती ते बंद करायला निघाली होती.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण त्या लाल पट्ट्यामागे जे आहे ते बरंचसं गणित आणि डेटा आहे, आणि तो माझा रोजचा धंदा आहे. म्हणून दोन शनिवार-रविवार बसून मूळ संशोधनं वाचली. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण अशी किट्स आता ऑफिसात, जिममध्ये आणि सेलमध्येही मिळायला लागली आहेत.

आधी जे खरं आहे ते

आनंदावर जनुकांचा परिणाम होतो का? होतो. आत्या अगदीच चुकीची नाही.

हे कळलं जुळ्यांच्या अभ्यासातून. जुळी दोन प्रकारची असतात. तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचा डीएनए जवळपास शंभर टक्के एकच असतो. दुसऱ्या प्रकारची जुळी म्हणजे एकाच दिवशी जन्मलेली साधी भावंडं. त्यांच्यात माणसामाणसांत बदलणाऱ्या डीएनएपैकी सरासरी निम्मा सारखा असतो. दोन्ही जोड्या एकाच घरात वाढतात. मग ‘तुम्ही आयुष्यावर किती समाधानी आहात?’ या प्रश्नाची उत्तरं तंतोतंत जुळ्यांमध्ये जास्त जुळत असतील, तर ती जास्तीची जुळणी जनुकांमुळे असावी असा अंदाज बांधता येतो.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या डेव्हिड लिकन आणि ऑक टेलेगन यांनी जुळ्यांवरून काढलेला आकडा ४४ ते ५२ टक्के होता. पुढे २०१५ मध्ये माइके बार्टेल्स यांनी तोपर्यंतचे बरेच अभ्यास एकत्र करून सरासरी काढली. ती सुखस्थितीसाठी सुमारे ३६ टक्के आणि आयुष्याबद्दलच्या समाधानासाठी ३२ टक्के आली.

लिकन आणि टेलेगन यांच्या पेपरच्या शेवटी एक वाक्य होतं. त्याचा आशय असा, की जास्त आनंदी व्हायचा प्रयत्न करणं हे जास्त उंच व्हायचा प्रयत्न करण्याइतकंच फोल असू शकतं. वर्तमानपत्रांनी तेच उचललं. पुढे खुद्द लिकन यांनी हे वाक्य चुकलं असं मान्य केलं आणि १९९९ मध्ये आनंदावर अख्खं पुस्तक लिहून आपल्या हातात बरंच काही असतं हे मांडलं. पण पहिलं वाक्य व्हायरल होतं, दुरुस्ती होत नाही. हे इंस्टाग्रामच्या आधीही तसंच होतं.

‘५० टक्के जीन्स’ म्हणजे तुमचे ५० टक्के नव्हेत

तुम्ही ते रील पाहिलं असेल : गोल चकती, त्यात ५० टक्के जीन्स, १० टक्के परिस्थिती, ४० टक्के ‘तुमच्या हातात’. ही चकती सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड यांच्या २००५ च्या पेपरमधून आली. तिच्यावर पुढे बरीच टीका झाली आणि शेल्डन-ल्युबोमिर्स्की यांनीही २०१९ मध्ये मान्य केलं की चकती फार सोपी करून दाखवली गेली.

चूक नेमकी कुठे आहे? शास्त्रज्ञ ज्याला हेरिटेबिलिटी म्हणतात तो आकडा एका माणसाबद्दल नसतोच. तो एका गटातल्या माणसांमधल्या फरकांबद्दल असतो. हे मी बहिणीला असं समजावलं :

समजा पाच मित्र हॉस्टेलच्या एकाच खोलीत बसलेत. वायफाय एकच, राउटर एकच, प्लॅन एकच. पाचही जणांनी स्पीड टेस्ट केली आणि आकडे वेगवेगळे आले. फरक कशामुळे? जवळजवळ सगळा हँडसेटमुळे. मग कुणी म्हणेल, ‘स्पीडमधला ९० टक्के फरक हँडसेटमुळे असतो.’ बरोबर आहे.

आता हेच पाच जण ट्रेकला गेले. कुणाचं सिम एका कंपनीचं, कुणाचं दुसऱ्या. एक डोंगरमाथ्यावर, एक घळीत. पुन्हा स्पीड टेस्ट केली. आता फरक जवळपास सगळा टॉवर आणि जागेमुळे. हँडसेटचा वाटा १० टक्क्यांवर आला. हँडसेट तर बदलला नाही! आजूबाजूची परिस्थिती किती वेगवेगळी आहे, त्यावर हँडसेटचा ‘टक्का’ ठरतो.

हेरिटेबिलिटीचं अगदी असंच आहे. त्या ३६ टक्क्यांचा अर्थ ‘तुझ्या आनंदातले ३६ टक्के आईबाबांकडून आले’ असा होत नाही. तुमच्या फोनवर आलेला ५० एमबीपीएसचा स्पीड हा ‘३० हँडसेटचा आणि २० राउटरचा’ असा तोडता येत नाही ना? तसंच.

दुसरी गोष्ट. एखादी गोष्ट अनुवंशिक आहे म्हणजे ती बदलत नाही, असंही नाही. लांबचं नीट न दिसणं बऱ्यापैकी अनुवंशिक असतं. पण त्यावर चष्मा चालतो, आणि चष्म्याचं दुकान तुमची जनुकं विचारत नाही.

तिसरी गोष्ट ताज्या बातमीतली. २०२४ च्या वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टमध्ये अमेरिका पहिल्यांदाच पहिल्या २० देशांतून बाहेर पडली आणि थेट २३ व्या नंबरवर गेली. घसरणीचं मुख्य कारण होतं तिशीच्या आतल्या तरुणांचं घटलेलं समाधान. आता सांगा, दहा-पंधरा वर्षांत एका अख्ख्या देशाची जनुकं बदलतात का? त्यांना तेवढा वेळच मिळत नाही. बदललं ते आजूबाजूचं जग.

‘आनंदाचा जीन’ सापडला होता, मग हरवला

या किट कंपन्यांच्या जाहिरातीत अजूनही एका जीनचं नाव दिसतं : सेरोटोनिन ट्रान्सपोर्टरचा जीन. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, ते पेशीत परत ओढून घेणारा पंप हा जीन तयार करतो. त्याच्या एका भागाची ‘आखूड’ आणि ‘लांब’ अशी दोन रूपं आहेत. २००३ मध्ये अव्शालोम कास्पी आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासातून मांडलं, की आयुष्यात मोठे धक्के बसले तर आखूड रूप असलेल्यांना नैराश्य जास्त येतं. २०११ मध्ये लांब रूप आणि समाधान यांचा संबंध लावणारा पेपर आला आणि जगभर ‘हॅपिनेस जीन सापडला’ असे मथळे झळकले.

अडचण अशी होती, की हे अभ्यास काहीशे किंवा काही हजार माणसांवरचे होते. छोट्या सॅम्पलमध्ये योगायोगही शोधासारखा दिसतो. २०१९ मध्ये रिचर्ड बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी नैराश्याशी जोडले गेलेले १८ गाजलेले जीन घेतले, त्यात हाही होता, आणि लाखो लोकांच्या डेटावर तपासून पाहिले. निकाल : हे १८ जीन, आणि डोळे मिटून कुठलेही उचललेले १८ जीन, यांत फरक दिसला नाही. त्याआधीची वीसेक वर्षं शेकडो पेपर या जीनवर निघाले होते.

आमच्या भाषेत सांगायचं तर बग सापडला असं वाटून अख्खी टीम दोन महिने एकाच फाईलमध्ये शोधत बसली, आणि मग कळलं की बग त्या फाईलमध्ये नव्हताच.

मग आहे कुठे? सगळीकडे, थोडं थोडं

त्यानंतर पद्धत बदलली. एका जीनवर पैज लावण्याऐवजी लाखो लोकांच्या डीएनएतल्या लाखो जागा एकाच वेळी तपासायच्या, आणि कुठलं अक्षर असलं की समाधान किंचित जास्त किंवा कमी दिसतं ते पाहायचं.

२०१६ मध्ये असा पहिला मोठा अभ्यास आला. २,९८,४२० लोक होते त्यात. इतकी माणसं घेऊन सापडल्या किती जागा? तीन. आणि प्रत्येक जागेचा परिणाम नखाएवढाही नाही. २०१९ मध्ये समाधान, आनंदी भाव, नैराश्याची लक्षणं आणि चिंताळू स्वभाव यांचा डेटा एकत्र करून विश्लेषण झालं, तेव्हा ३०४ जागा सापडल्या. म्हणजे ‘आनंदाचा जीन’ असं काही नाही. असंख्य जागा आहेत, प्रत्येकीचा एक कण.

हे कण एकत्र करून जो आकडा काढतात त्याला पॉलिजेनिक स्कोअर म्हणतात. यात जादू काही नाही. प्रत्येक जागेवर ते विशिष्ट अक्षर तुमच्याकडे ०, १ किंवा २ वेळा असतं. त्याला त्या जागेच्या वजनाने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. एक्सेलमध्ये बसेल असं काम आहे. थुंकीच्या किटमध्ये तुमचा पूर्ण जिनोम वाचलाही जात नाही. तीनशे कोटींहून जास्त अक्षरांपैकी साधारण सहा-सात लाख जागा एका चिपवर तपासतात. कंपनीनुसार हा आकडा थोडा बदलतो.

आता कळीचा प्रश्न : या स्कोअरवरून माणूस किती समाधानी आहे हे कितपत सांगता येतं? २०१६ च्या अभ्यासात उत्तर होतं : माणसामाणसांतल्या फरकापैकी एक टक्क्याच्या आसपास.

जुळ्यांवरून ३६ टक्के आणि प्रत्यक्ष डीएनए वाचून एक टक्का. आपल्या हातातली टेस्ट ही दुसरी आहे, आणि जाहिरातीत मात्र पहिला आकडा असतो. बहिणीच्या ॲपमध्येही रकान्याच्या वर लिहिलं होतं, ‘आनंद मोठ्या प्रमाणात अनुवंशिक असतो.’

तो १४ वा पर्सेंटाइल : पाच मिनिटांचं गणित

इथे मी लॅपटॉप उघडला. समजा स्कोअर फरकातला एक टक्का समजावतो, म्हणजे स्कोअर आणि प्रत्यक्ष समाधान यांचा परस्परसंबंध साधारण ०.१ इतका. माझ्या बहिणीचा स्कोअर १४ व्या पर्सेंटाइलला आहे, म्हणजे शंभर जणांना स्कोअरप्रमाणे खालून उभं केलं तर ती चौदावी. ठीक. पण शंभर जणांना प्रत्यक्ष समाधानाप्रमाणे उभं केलं तर तिची जागा कुठे असेल असा अंदाज निघतो?

सेहेचाळिसावी. बरोबर मध्यावर असती तर पन्नासावी असती.

आणि हा नुसता सरासरी अंदाज. प्रत्यक्षात ती पाचवीही असू शकते आणि पंच्याण्णवावीही, कारण उरलेले ९९ टक्के स्कोअरला माहीतच नाहीत.

दुसऱ्या पद्धतीने पाहू. एक माणूस १४ व्या पर्सेंटाइलचा घ्या आणि एक ८६ व्या. एकाला लाल पट्टा, दुसऱ्याला हिरवा. हिरव्यावाला जास्त समाधानी आहे अशी पैज लावली, तर अशा १०० जोड्यांत तुम्ही साधारण ५६ वेळा जिंकाल. नाणं उडवलं असतं तरी ५० वेळा जिंकला असता. त्या लाल पट्ट्याची खरी ताकद एवढी आहे : शंभरात सहा.

मग पट्टा लाल का? याचं उत्तर मला आतून माहीत आहे, आणि सांगायला थोडी लाज वाटते. आधीच्या एका नोकरीत मी फिटनेस ॲपच्या रिपोर्टचा भाग लिहिला होता. पर्सेंटाइल यायचा, मी त्याला रंग द्यायचो. २० च्या खाली लाल, ८० च्या वर हिरवा, मधे पिवळा. हे २० आणि ८० कुणी डॉक्टरने ठरवले नव्हते. दुपारच्या एका मीटिंगमध्ये ठरले होते, कारण डिझायनर म्हणाला की ३० घेतलं तर स्क्रीन फारच लाल दिसते. कोडमध्ये ती एक ओळ होती. त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला रात्री साडेअकराला कुणीतरी एकटं बसलेलं असेल, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि मुळात हा स्कोअर आपला नाहीच

वरचं सगळं गणित मी उदार होऊन केलं, कारण ते युरोपीय वंशाच्या लोकांवरचं आहे. २०१९ मध्ये ॲलिशिया मार्टिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावर बेतलेली वजनं दक्षिण आशियातल्या लोकांना लावली की अचूकता घसरते. अमेरिकन इंग्रजीवर शिकवलेल्या व्हॉइस टायपिंगसमोर सांगली-कोल्हापूरकडचं मराठी बोलून बघा, तसंच काहीसं.

ही दरी बुजवायचं काम आपल्याकडे सुरू झालंय. जिनोमइंडिया या सरकारी प्रकल्पात देशातल्या ८३ समाजगटांतल्या १०,००० लोकांचे जिनोम वाचले गेले आणि ९ जानेवारी २०२५ ला तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला. तो फरीदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे. पाया म्हणून हे मोठं काम आहे. पण आनंदासारख्या गोष्टीत युरोपीय लोकांवर तीन लाख माणसं घेऊन तीन जागा सापडल्या होत्या, हे लक्षात घेतलं तर भारतीयांसाठी खात्रीचा ‘हॅपिनेस स्कोअर’ आज कुणाकडेही असणं शक्य नाही.

अजून एक गुंता. स्कोअरमध्ये जे मोजलं जातं ते सगळं जनुकांचं असतं असंही नाही. २०२२ मध्ये सख्ख्या भावंडांची आपापसांत तुलना करणारा मोठा अभ्यास आला. एकाच घरातली भावंडं घेतली की शिक्षण, नैराश्याची लक्षणं, धूम्रपान यांसारख्या गोष्टींवरचे जनुकीय परिणाम आणखी लहान झाले. म्हणजे ज्याला आपण ‘जीन’ समजत होतो त्यात थोडं ‘घर’ही मिसळलेलं होतं. बाबांकडून आपल्याला डीएनए मिळतो, तसं त्यांच्या आजारपणातलं घरही मिळतं. बंद दार, टीव्हीचा कमी केलेला आवाज, सणाला पाहुणे आले की आईने सांगितलेली कारणं. हे दोन्ही एकाच पार्सलमधून येतं, आणि थुंकीच्या नळीला यातलं काय कुठून आलं ते कळत नाही.

सगळ्याच जनुकीय चाचण्या फालतू का? अजिबात नाही

हा लेख वाचून कुणी असं समजू नये, म्हणून एक आपल्याच राज्यातलं उदाहरण. विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेलचा आजार आढळतो. तो एकाच जीनमधल्या एकाच अक्षराच्या बदलाने होतो. आई आणि वडील दोघांकडून तो बदल आला तर आजार, एकाकडूनच आला तर माणूस वाहक. रक्ताच्या तपासणीत हे स्पष्ट कळतं. कळल्यावर काय करायचं तेही स्पष्ट असतं : औषधं, काळजी आणि लग्न ठरवताना दोघांची कार्डं जुळवून बघणं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट याच कारणासाठी ठेवलं गेलं.

चांगल्या चाचणीच्या दोन खुणा यात दिसतात. उत्तर पक्कं असतं, आणि उत्तरानंतर करण्यासारखं काहीतरी असतं. ‘आनंदी वृत्ती : कमी’ यात पहिली खूण नाही. आणि दुसरी? त्या ॲपमध्ये लाल पट्ट्याखाली बटण होतं : ‘मूड सुधारणाऱ्या गोळ्या खरेदी करा’.

तुमची थुंकी, तुमच्या भावंडांचा डेटा

आता माझ्या क्षेत्रातला भाग. पासवर्ड लीक झाला तर बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही. आणि तो एकट्याचा नसतो. बहिणीने थुंकी दिली तेव्हा माझा साधारण निम्मा डीएनएही त्या सर्व्हरवर गेला. मला कुणी विचारलं नाही. तिलाही हे सुचलं नाही.

ट्वेंटीथ्री-अँड-मी ही या धंद्यातली सगळ्यात प्रसिद्ध अमेरिकन कंपनी. २००६ मध्ये सुरू झाली, दीड कोटीच्या आसपास ग्राहक. २०२३ मध्ये हॅकर्सनी दुसऱ्या साईट्सवरून लीक झालेले ईमेल-पासवर्ड तिथे लावून पाहिले. लोकांनी एकच पासवर्ड सगळीकडे वापरलेला असतो, त्यामुळे सुमारे १४,००० खाती उघडली. पण कंपनीत ‘नातेवाईक शोधा’ अशी सोय होती, आणि तिच्यातून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. यातल्या बहुतेकांचा पासवर्ड चोरीला गेलाच नव्हता. दुसऱ्याच्या खात्यातून त्यांची माहिती निघाली.

मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की विकायला काढलेली सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे ग्राहकांचा डीएनए डेटा. कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी लोकांना आपला डेटा डिलीट करण्याचे हक्क वापरा असं जाहीर आवाहन केलं. शेवटी ३०.५ कोटी डॉलरला कंपनीच्या संस्थापकांपैकी ॲन वोजसिकी यांच्याच ना-नफा संस्थेने ती घेतली. शेवट त्यातल्या त्यात बरा झाला. पण किट घेताना यातलं काहीच ग्राहकांनी ठरवलं नव्हतं.

भारतात काय स्थिती आहे? २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात जनुकीय माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. २०२३ च्या मंजूर कायद्यात ती वेगळी वर्गवारी राहिली नाही. डीएनए आणि डिलिव्हरीचा पत्ता एकाच रांगेत. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. अमेरिकेत २००८ पासून आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकांवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे फक्त यासाठीचा असा कायदा नाही. म्हणून किट ऑफिसमधून मिळालं असेल तर ‘रिपोर्ट कुणाकुणाला दिसतो?’ हा प्रश्न आधी विचारायचा, थुंकी नंतर.

किट हातात असेल तर

आनंद, हुशारी, स्वभाव, नेतृत्वगुण असले रकाने करमणूक म्हणून वाचा. त्यावर औषध, काउन्सेलिंग, करिअर किंवा लग्न यांचा निर्णय घेऊ नका.

एखाद्या गंभीर आजाराबद्दल काही आलं, तर घाबरण्याआधी डॉक्टरांकडून पक्क्या लॅबमध्ये ती चाचणी पुन्हा करून घ्या.

कंपनीला लेखी विचारा : स्कोअर फरकातला किती टक्के समजावतो, आणि तो भारतीय लोकांवर तपासला आहे का? उत्तरात आकडा नसेल, तर तेच उत्तर.

खात्याला वेगळा पासवर्ड आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. संशोधनाला संमती देणारी टिक तपासा. काम झाल्यावर डेटा आणि नमुना दोन्ही नष्ट करायला सांगा.

आणि किट घेण्याआधी घरात एकदा बोला. डेटा त्यांचाही आहे.

फुकटातली चाचणी

हे सगळं मी बहिणीला सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता : “मग बाबा, आजोबा आणि मी... हे काय योगायोग?”

नाही. नैराश्याची हेरिटेबिलिटी जुळ्यांच्या अभ्यासात सुमारे ३७ टक्के निघाली आहे, आणि आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला ते असेल तर आपला धोका सरासरीपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो. तरीही अशा घरांतल्या बहुतेकांना नैराश्य येत नाही. घरातल्या इतिहासात जनुकंही येतात आणि घरही येतं, म्हणूनच तो इतिहास त्या स्कोअरपेक्षा कितीतरी जास्त सांगतो. डॉक्टर पहिल्या भेटीत हाच विचारतात. त्याला थुंकी लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतं ते घरात बसून बोलणं, आणि आमच्याकडे नेमकं तेच झालेलं नव्हतं.

जास्त धोका असण्याचा अर्थ उपचार फुकट जातील असा होत नाही. उलट, ज्याच्या घरात लवकर चष्मा लागतो त्याने डोळे लवकर तपासावेत, एवढाच साधा अर्थ आहे. बाबांच्या गोळ्या त्यांना लागू पडल्या. त्या गोळ्यांनी जनुकं बदलली नाहीत, बाबांचे दिवस बदलले.

तुमच्याही मनात असलं काही चालू असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या रविवारी मी घरी गेलो. जेवणानंतर बहिणीने बाबांना सरळ विचारलं, “तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?” आई भांडी आवरायला उठली होती, ती परत बसली. बाबा थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, “तू विचारशील असं वाटलं नव्हतं.” आणि मग तासभर बोलले.

बुधवारी तिचा मेसेज आला : “सेशनला चाललेय. ते ॲप काढून टाकलं.” मी विचारलं, “डेटा डिलीटची रिक्वेस्ट टाकलीस का आधी?” ॲप काढलं तरी सर्व्हरवरचा डेटा तिथेच राहतो, हे तुम्हीही विसरू नका. तिने टाकली नव्हती. संध्याकाळी टाकली.